मायक्रोफ्लुइडिक चिपवर फ्लुओरेसन्सची बेसलाइन सरकते : कारण कसं शोधायचं आणि उपाय काय

तक्रार साधारण अशी असते. पीडीएमएसची (पारदर्शक, मऊ सिलिकॉन रबराची) मायक्रोफ्लुइडिक चिप, म्हणजे केसाएवढ्या बारीक नाल्या (चॅनेल) असलेला तुकडा, १०० मायक्रोमीटर रुंद आणि ५० मायक्रोमीटर खोल चॅनेल, खालून ४७० नॅनोमीटरची निळी एलईडी, वर ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा फिल्टर आणि त्यामागे प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारा फोटोडायोड. चॅनेलमधून फ्लुओरेसीन जातंय, म्हणजे निळा प्रकाश पडला की हिरवं चमकणारं रंगद्रव्य (डाय). सकाळी १ मायक्रोमोलर कॉन्सन्ट्रेशनच्या (तीव्रतेच्या) द्रावणाला एक आकडा मिळतो, दुपारी त्याच बाटलीतल्या द्रावणाला दुसराच. नुसता बफर (पीएच स्थिर ठेवणारं, डाय नसलेलं द्रावण) सोडला तरी मोजणीची रेषा, म्हणजे बेसलाइन, सपाट राहत नाही. कधी अर्धा तास घसरत राहते, कधी चढते आणि धुतल्यावरही खाली येत नाही, कधी संथ लाटा दाखवते. काल काढलेला कॅलिब्रेशनचा (रीडिंगवरून कॉन्सन्ट्रेशन काढायचा) आलेख आज लागू पडत नाही.

अशा वेळी पहिला संशय डिटेक्टरवर जातो. फोटोडायोड बदला, अ‍ॅम्प्लिफायर बदला, जमलं तर फोटोमल्टिप्लायर (अगदी मंद प्रकाश मोजणारी नळी) घ्या, असे सल्ले मिळतात. बहुतेक वेळा हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखं असतं. डिटेक्टर त्याच्यावर पडलेला प्रकाशच मोजतो. त्यातला बराचसा प्रकाश तुमच्या डायचा नसतो, दुखणं तिथे आहे.

चिपवर हे इतकं का जाणवतं? एलईडीचा ठिपका २ मिलिमीटर व्यासाचा धरला, तर त्याखाली येणाऱ्या चॅनेलमध्ये द्रावण असतं सुमारे १० नॅनोलिटर. क्युव्हेटमध्ये (नेहमीच्या मोजणीच्या छोट्या चौकोनी पात्रात) प्रकाशाच्या वाटेत याच्या काही हजार पट द्रावण असतं. चिपवर नमुना इतका कमी झाला, पण काच तेवढीच राहिली, पीडीएमएस तेवढंच राहिलं, धूळ तेवढीच आणि एलईडीही तेवढीच प्रखर. शिवाय त्या २ मिलिमीटरच्या गोल ठिपक्यात १०० मायक्रोमीटरच्या चॅनेलचा वाटा क्षेत्रफळाने जेमतेम ६ टक्के. उरलेला ९४ टक्के प्रकाश जिथे नमुनाच नाही अशा जागी पडतो, आणि तिथून जे काही चमकतं किंवा विखुरतं ते सगळं तुमच्या आकड्यात जमा होतं.

आधी पायऱ्या मोजा

काहीही बदलण्याआधी सहा रीडिंग घ्या आणि वहीत एकाखाली एक लिहा. एलईडी बंद करून सगळं झाकलेलं. एलईडी चालू, पण चिप नाही. कोरडी चिप. पाणी भरलेली चिप. बफर भरलेली चिप. आणि शेवटी डाय. प्रत्येक वेळी झाकण तेच, फिल्टर तोच, गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा तो आकडा) तोच.

समजा आकडे असे आले : अंधारात १२ मिलीव्होल्ट, चिपशिवाय ४०, कोरड्या चिपला ३१०, पाण्याला २९०, बफरला २९२ आणि १ मायक्रोमोलर डायला ३४०. पाहणारा म्हणतो, ३४० आले, सिग्नल छान आहे. पण डायचा वाटा आहे ३४० वजा २९२, म्हणजे ४८. अंधाराचे १२ वगळून बाकीचे २८० मिलीव्होल्ट एलईडीच्या प्रकाशाचेच, फक्त नको त्या वाटेने आलेले. आता एलईडी गरम होऊन तिचा प्रकाश १ टक्क्याने घटला. अंधाराचे १२ सोडले तर ३२८ मिलीव्होल्ट प्रकाशाचे आहेत, त्यांचा १ टक्का म्हणजे ३.३ मिलीव्होल्ट. हा फरक तुम्ही ४८ शी ताडून पाहणार, म्हणजे जवळजवळ ७ टक्के. एलईडी हलली १ टक्का, तुमची कॉन्सन्ट्रेशन हलली ७ टक्के.

हीच पार्श्वभूमी २८० ऐवजी ३० मिलीव्होल्टवर आणली, तर तोच १ टक्का ०.८ मिलीव्होल्ट होतो, म्हणजे ४८ चा दीड टक्क्याच्या आसपास. एलईडी तीच, फोटोडायोड तोच, अ‍ॅम्प्लिफायरला हातही लावला नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की सरकणाऱ्या बेसलाइनवरचा पहिला उपाय दिवा स्थिर करणं हा नाही, पार्श्वभूमी कमी करणं हा आहे. दिवा स्थिर करायचाच, पण नंतर.

या पायऱ्यांमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. कोरड्या चिपपेक्षा पाणी भरलेल्या चिपचं रीडिंग कमी आलं. पीडीएमएसचा अपवर्तनांक १.४१, हवेचा १, पाण्याचा १.३३. कोरड्या चॅनेलच्या भिंतीवर प्रकाश जास्त विखुरतो, पाणी भरलं की भिंत जवळजवळ दिसेनाशी होते. त्यामुळे कोरडी चिप ब्लँक (वजा करायचं, डायशिवायचं रीडिंग) म्हणून धरू नका. ब्लँक म्हणजे ज्या बफरमध्ये डाय विरघळवलाय तोच बफर, त्याच चिपमध्ये, त्याच जागी.

फिल्टरमधून निळं गळतंय का?

वरच्या उदाहरणात चिप ठेवल्यावर आकडा ४० वरून ३१० वर गेला. हे जादा २७० दोन ठिकाणांहून येऊ शकतात. एक, चिपचं साहित्य खरोखर हिरवं चमकतंय. दोन, चिपवरून विखुरलेला निळा प्रकाश हिरव्या फिल्टरमधून निसटतोय. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून आधी हे ठरवावं लागतं.

सोपी चाचणी अशी : डिटेक्टरपुढे तसाच दुसरा हिरवा फिल्टर लावा. प्रकाश खरंच हिरवा असेल तर रीडिंग थोडंच, साधारण १० टक्के वगैरे घटेल. गळणारा निळा असेल तर धाडकन कोसळेल. दुसरा फिल्टर नसेल तर चिपच्या जागी छोटा आरसा किंवा सपाट अ‍ॅल्युमिनियम फॉइल ठेवा आणि एलईडी बाजूने, तिरकी मारा. आरसा हिरवा चमकत नाही, तेव्हा जे काही दिसेल ती गळती. विखुरण्याच्या चाचणीसाठी काही जण पाण्यात थेंबभर दूध टाकतात. इथे ते चालणार नाही, कारण दुधातलं रायबोफ्लेव्हिन निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवं चमकतं आणि गळती नसतानाही ती असल्याचा भास होतो.

गळतीचं पहिलं कारण एलईडी. ४७० हा तिचा शिखराचा आकडा. तिचा वर्णपट दोन्ही बाजूंना पसरलेला असतो आणि त्याची शेपटी ५२० नॅनोमीटरपर्यंत सहज पोचते. ही शेपटी खरोखरच हिरवी आहे, हिरव्या फिल्टरने ती अडवायची कशी? म्हणून एलईडीपुढे स्वतंत्र निळा फिल्टर लागतोच. खर्च वाचवायला हाच फिल्टर गाळला जातो, आणि पुढच्या महिन्यांचा त्रास तिथूनच सुरू होतो.

दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं : कोन. बाजारात मिळणारे चांगले बँडपास (तरंगलांबीचा ठरावीक पट्टाच आरपार सोडणारे) फिल्टर इंटरफेरन्सचे असतात, काचेवर पातळ थर चढवलेले. ते सरळ समोरून येणाऱ्या समांतर किरणांसाठी बनवलेले असतात. किरण तिरका आला की फिल्टरची पूर्ण खिडकी निळ्याकडे सरकते. किती सरकते त्याचं सूत्र साधं आहे. कोनाच्या साइनला फिल्टरच्या प्रभावी अपवर्तनांकाने भागा, त्याचा वर्ग करा, तो १ मधून वजा करा, वर्गमूळ काढा आणि मूळ तरंगलांबीला गुणा. हा प्रभावी अपवर्तनांक १.८ धरू. तुमच्या फिल्टरची खिडकी ५०० ला सुरू होते असं लेबल सांगतं. २० अंशांच्या किरणासाठी ती ४९१ ला सुरू होते. ३० अंशांसाठी ४८० ला. म्हणजे कागदावर ५०० च्या खालचं सगळं अडवणारा फिल्टर ३० अंशांच्या किरणाला एलईडीच्या ऐन प्रकाशात दार उघडून देतो.

आता आपली मांडणी आठवा. चिप, तिच्यावर काही मिलिमीटरवर फिल्टर, त्याला चिकटून फोटोडायोड. चॅनेलमधून निघणारे किरण सगळ्या दिशांनी फाकतात आणि फिल्टरवर ३० काय, ५० अंशांनीही पोचतात. फिल्टरमध्ये खोट नाही, जागा चुकली आहे. चिप आणि फिल्टर यांच्यामध्ये भिंग घाला, चॅनेल त्याच्या नाभीवर आणा, म्हणजे पुढे किरण समांतर होतील. फिल्टर त्या समांतर भागात, मग दुसरं भिंग, मग फोटोडायोड. भिंगाला जागाच नसेल तर इंटरफेरन्स फिल्टरच्या मागे रंगीत काचेचा लाँगपास (ठरावीक तरंगलांबीच्या वरचंच सोडणारा) फिल्टर जोडा. रंगीत काच शोषून अडवते, तिला कोनाचं फारसं वावडं नसतं. मात्र ती स्वतः थोडी चमकते, म्हणून क्रम महत्त्वाचा : प्रकाश आधी इंटरफेरन्स फिल्टरवर, उरलासुरला निळा मग काचेवर.

आणि शक्य असेल तर एलईडी खालून सरळ मारू नका. खालून मारली की न शोषलेला सगळा निळा प्रकाश थेट फिल्टरवर जातो. ती ४५ अंशांनी किंवा चिपच्या कडेतून मारली तर तो बाजूने निघून जातो आणि फिल्टरवर फक्त विखुरलेला अंश उरतो. धारक काळा असू द्या. पांढऱ्या किंवा रंगीत प्लास्टिकचा थ्रीडी प्रिंट केलेला धारक हातात छान दिसतो, पण तो निळा प्रकाश चारी बाजूंना उधळतो.

यानंतर मास्क. चिपच्या खालच्या बाजूला काळी टेप लावून चॅनेलच्या रेषेत बारीक फट ठेवा. चॅनेल १०० मायक्रोमीटरचा तर फट १५० ते २०० मायक्रोमीटरची पुरे. ती टेपवर ब्लेडने नीट कापता येत नाही. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटवर उच्च रिझोल्यूशनने छापून आणलेला फोटोमास्क असतो, त्याचाच एक तुकडा वापरा. चिप बनवण्यासाठी तो तसाही छापलेला असतो, त्यात ही फटही काढून घ्यायची. फट आणि चॅनेल जुळवणं सूक्ष्मदर्शकाखालीच करा.

साहित्य स्वतः चमकत असेल तर

दुसरा फिल्टर लावूनही रीडिंग फारसं घटलं नाही, म्हणजे प्रकाश खरोखर हिरवा आहे. पीडीएमएस या बाबतीत बरं आहे, त्याची स्वतःची चमक चांगल्या काचेच्या जवळपास असते. पॉलिकार्बोनेट आणि इतर बरीच प्लास्टिकं जास्त चमकतात. पीडीएमएस चिप प्लास्टिकच्या पेट्री डिशमध्ये ठेवूनच मोजत असाल, तर चिप नाही, डिश चमकतेय. चिप बोरोसिलिकेट काचेवर चिकटवा. चिकट टेप आणि एपॉक्सी प्रकाशाच्या वाटेत नकोत.

प्लास्टिकच्या चमकेचा एक गुण निदानाला उपयोगी पडतो. निळा प्रकाश पडत राहिला की ती हळूहळू कमी होते, सुरुवातीला भराभर, मग संथ. म्हणजे सुरू केल्यावर अर्धा तास घसरणारी रेषा ही एलईडी गरम होण्याचीही असू शकते आणि प्लास्टिकची चमक मावळण्याचीही. आलेखात दोन्ही अगदी सारख्या दिसतात. ओळखायचं असं : एलईडी चालूच ठेवून चिप ३ मिलिमीटर पुढे सरकवा, त्याच चॅनेलच्या ताज्या जागेवर. आकडा पुन्हा उडी मारून वर गेला तर साहित्याची चमक. जिथे होता तिथेच राहिला तर एलईडी.

साहित्य निघालं तर मोजणीआधी ती जागा निळ्या प्रकाशाखाली ठेवून तिची चमक बसू द्या आणि मगच डाय सोडा. एलईडी निघाली तर स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर, धातूचा हीटसिंक आणि सुरू केल्यावर २०–३० मिनिटांची वाट. यूएसबीच्या ५ व्होल्टवर रेझिस्टर लावून चालवलेली एलईडी लॅपटॉपच्या मर्जीप्रमाणे कमीजास्त होते. त्यापुढची पायरी म्हणजे संदर्भ फोटोडायोड : एलईडीच्या वाटेत ४५ अंशांनी कव्हर ग्लास ठेवा, थोडा प्रकाश बाजूला वळवा, तो दुसऱ्या फोटोडायोडवर मोजा आणि गुणोत्तर घ्या. ही काच निळ्या फिल्टरच्या पुढेच बसवा. तापल्यावर एलईडीची तरंगलांबीही सरकते. फिल्टरच्या आधीच मोजलं तर संदर्भ वेगळा प्रकाश पाहतो आणि चिप वेगळा.

संथ लाटा

रेषा चढतही नाही, घसरतही नाही, पण दहा-वीस सेकंदांच्या संथ लाटा मारते. ही लाट खोटी असण्याची शक्यता मोठी आहे.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आर्डुइनो उनोचं (रीडिंग घेण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डचं) एक रीडिंग साधारण ०.१ मिलिसेकंदात उरकतं, म्हणजे तो त्या लुकलुकीतला एकच क्षण टिपतो. सेकंदाला १० रीडिंग घेतलीत आणि वीज नेमकी ५० असेल, तर प्रत्येक वेळी तोच क्षण सापडतो आणि काही दिसत नाही. पण ग्रिडची वारंवारता हलती असते. आपल्या ग्रिड कोडचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. ती ४९.९५ वर असेल तर लुकलुक ९९.९ ची, आणि सेकंदाला १० च्या मोजणीत ती दिसते ०.१ हर्ट्झ, म्हणजे १० सेकंदांची सुरेख लाट. ग्रिड ४९.९८ वर गेलं की तीच २५ सेकंदांची होते. आर्डुइनोच्या घड्याळातली चूक यात आणखी भर घालते. खोलीतला प्रकाश फटीतून जरासा आत येतोय, एवढंच प्रत्यक्षात घडतंय.

पडताळणी दोन मिनिटांची. दिवे बंद करा. किंवा मोजणीचा वेग १० वरून ११ करा. लाटेचा काळ बदलला तर ती खरी लाट नाही. उपाय म्हणून झाकण नीट करा, ट्यूबिंग जिथून आत येतं ते भोकही बंद करा, कारण पारदर्शक नळीतून प्रकाश वाट काढत आत येतो. आणि मोजणी क्षणाची घेऊ नका. २० मिलिसेकंदांच्या पटीत, म्हणजे विजेच्या पूर्ण आवर्तनांवर सरासरी घ्या.

मोजणीचा वेग बदलूनही लाट तीच राहिली तर सिरिंज पंप पाहा. पंपाचा दर दुप्पट करा. लाटेचा काळ निम्मा झाला तर ती पंपाच्या स्क्रूची आहे. पीडीएमएस मऊ असल्याने दाब चढला की चॅनेल फुगतो, त्यात द्रावण जास्त मावतं आणि सिग्नल वाढतो. १० मिलिलिटरची सिरिंज काढून १ मिलिलिटरची लावा. त्याच प्रवाहासाठी मोटर भराभर पावलं टाकते आणि लाट विरते.

इथे लॉक-इनबद्दल, म्हणजे ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल उचलण्याच्या पद्धतीबद्दल. एलईडी ७३० हर्ट्झसारख्या, ५० च्या पटीत नसलेल्या वारंवारतेवर चालू-बंद करून तेवढाच सिग्नल उचलला, तर खोलीचा प्रकाश आणि डिटेक्टरचं अंधारातलं रीडिंग दोन्ही गळून पडतात. आयसी किंवा महागडं उपकरण नसेल तर एलईडी २० मिलिसेकंद चालू, २० बंद ठेवून दोन्ही सरासऱ्या वजा केल्या तरी बरंच काम होतं. पण फिल्टरमधून गळणारा निळा प्रकाश आणि साहित्याची चमक यांच्यावर लॉक-इनचा काहीही परिणाम होत नाही. तीही एलईडीबरोबरच लुकलुकतात. ‘लॉक-इन लावला तरी ड्रिफ्ट (बेसलाइनचं सरकणं) गेला नाही’ ही तक्रार वारंवार ऐकू येते, तिचं कारण बहुधा हेच. आधी फिल्टरचं काम, मग लॉक-इन.

धुतलं तरी आकडा खाली येत नाही

डाय गेला, बफर सोडला, पण रेषा मूळ पातळीवर परतत नाही. पाणी मुरतंय ते इथे शब्दशः भिंतीत. १९९८ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने पीडीएमएसच्या चिप झटपट बनवायची पद्धत मांडली आणि नंतर ते प्रयोगशाळांमध्ये सर्रास झालं. पण हे साहित्य पाण्याशी न रमणारे छोटे रेणू पोटात घेतं. रोडामाइन बी हे त्याचं ठळक उदाहरण. द्रावण जात असताना डाय भिंतीत शिरतो, म्हणून पुढच्या टोकाला कॉन्सन्ट्रेशन कमी दिसते, आणि बफर सोडल्यावर तोच डाय सावकाश बाहेर येत राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. धुतल्यावर चॅनेलच्या कडा स्पष्ट न दिसता त्यांच्या बाहेरही चमकेची धूसर झालर दिसली, तर शंका उरत नाही. कडा स्वच्छ असतील आणि शेपटी तरीही लांबत असेल, तर दोष नळीच्या जोडावरच्या, द्रावण साचून राहणाऱ्या पोकळीत आहे. तिथे साचलेला डाय प्रवाह वाढवून धुतला की लवकर जातो, भिंतीतला जात नाही.

रोडामाइन बी तापमानालाही फार संवेदनशील आहे, दर अंशाला सुमारे २ टक्के. म्हणूनच त्याने चिपमधलं तापमान मोजतात, आणि म्हणूनच कॉन्सन्ट्रेशनच्या मानकासाठी (तुलनेला घ्यायच्या, माहीत कॉन्सन्ट्रेशनच्या द्रावणासाठी) तो घेऊ नये. सल्फोनेट गट असलेले, विद्युतभारित डाय घ्या, किंवा फ्लुओरेसीन. तुमचा खरा नमुनाच तेलकट स्वभावाचा असेल तर कोटिंगवर वेळ घालवण्याआधी काचेच्या किंवा सायक्लिक ओलेफिनच्या (एका प्लास्टिकच्या) चिपचा विचार करा.

फ्लुओरेसीन भिंतीत फारसं शिरत नाही, पण त्याची अट पीएचची आहे. त्याचा पीकेए (ज्या पीएचला रेणूचं रूप पालटतं तो आकडा) ६.४ च्या आसपास. त्याच्या वर, अल्कधर्मी बाजूला ते झळाळतं, खाली गेलं की झपाट्याने मंदावतं. डिस्टिल्ड वॉटर हवेत उघडं राहिलं की कार्बन डायऑक्साइड शोषून ५.६ च्या आसपास येतं, आणि पीडीएमएसच्या भिंतीतून वायू आरपार जातात. म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलेलं फ्लुओरेसीनचं मानक बाटलीतही बदलतं आणि चिपमध्येही. सकाळ-दुपारच्या फरकाचं हे इतकं साधं कारण असू शकतं, आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांत ‘१ मायक्रोमोलर, पाण्यात’ असं सर्रास लिहिलेलं असतं. पीएच ९ च्या आसपासच्या बोरेट बफरमध्ये करा. नमुन्यासाठी शक्य नसेल तर ७.४ चा फॉस्फेट बफर, पण मग मानक आणि नमुना दोन्ही त्याच बफरमध्ये.

प्रवाह थांबवल्यावर आकडा घसरतो आणि पुन्हा सुरू केल्यावर लगेच सावरतो, असं दिसलं तर डाय प्रकाशाने विटतोय. लेसर किंवा सूक्ष्मदर्शकाच्या ऑब्जेक्टिव्हने ठिपका लहान केला असेल तर हे सेकंदांत होतं. प्रकाश कमी करा, किंवा मोजण्यापुरताच पाडा. उलट, थांबलेल्या प्रवाहात तासाभरात आकडा चढत गेला तर पाणी पीडीएमएसमधून उडून द्रावण घट्ट होतंय. चिप ओलसर डब्यात ठेवा.

अचानक उडी म्हणजे बुडबुडा. तो भिंगासारखा प्रकाश वळवतो, म्हणून आकडा वरही जाऊ शकतो. बफर आधी व्हॅक्यूमखाली ठेवून त्यातली हवा काढा, चॅनेल पहिल्यांदा इथेनॉलने ओला करा. अडकलाच, तर बाहेरचं तोंड बंद करून आतून हलका दाब द्या. पीडीएमएसमधून वायू आरपार जातात, काही मिनिटांत बुडबुडा भिंतीतून निघून जातो.

शोषण (अ‍ॅब्सॉर्बन्स) मोजत असाल तर

ड्रिफ्टची तक्रार अ‍ॅब्सॉर्बन्सवाल्यांचीही असते, पण तिथे मूळ अडचण गणिताची आहे. क्युव्हेटच्या १ सेंटिमीटरमध्ये ०.१ अ‍ॅब्सॉर्बन्स देणारं द्रावण १०० मायक्रोमीटरच्या वाटेत ०.००१ देतं. म्हणजे प्रकाशात घट ०.२३ टक्के. फोटोडायोडचा आउटपुट ४ व्होल्ट असेल तर फरक ९ मिलीव्होल्ट. उनोची एक पायरी ४.९ मिलीव्होल्टची, म्हणजे पूर्ण नमुना दोन पायऱ्यांत संपला. एडीएस१११५ सारखा १६ बिटचा कन्व्हर्टर ४.०९६ व्होल्टच्या रेंजवर १२५ मायक्रोव्होल्टची पायरी देतो, तिथे सत्तरेक पायऱ्या मिळतात. मास्क इथे फ्लुओरेसन्सपेक्षाही गरजेचा. चॅनेलच्या बाजूने निसटलेला प्रकाश ही ०.२३ टक्क्यांची घट आणखी पातळ करतो. शक्य असेल तर प्रकाश चॅनेलला आडवा न मारता त्याच्या लांबीतून पाठवा.

डिटेक्टर, सगळ्यात शेवटी

वरचं सगळं तपासूनही झाकलेल्या, एलईडी बंद असलेल्या स्थितीतलं रीडिंगच सरकत असेल, तरच डिटेक्टरकडे वळा. सिलिकॉन फोटोडायोडचा डार्क करंट (अंधारातही वाहणारा करंट) दर १० अंशांना सुमारे दुप्पट होतो. एसी नसलेल्या खोलीत सकाळचे २५ अंश दुपारी ३८ झाले, तर तो जवळजवळ अडीच पट. दर काही मिनिटांनी एलईडी बंद करून अंधार मोजा आणि वजा करा, एवढ्याने भागतं. जून ते सप्टेंबरमध्ये कोकण-मुंबईकडच्या दमट हवेत वेगळाच त्रास होतो : सर्किटवर सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला असेल तर तो ओलावा धरतो आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मोठ्या फीडबॅक रेझिस्टरच्या बाजूने करंट गळतो. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून धुवा, वाळवा, डब्यात सिलिका जेल ठेवा. फोटोमल्टिप्लायर असेल तर हाय व्होल्टेज चालू असताना झाकण कधीच उघडू नका. आणि व्होल्टेज बंद असतानाही त्याला खोलीचा प्रकाश लागला, तर पुढचे काही तास त्याचं अंधारातलं रीडिंग चढलेलं राहतं. त्या काळात घेतलेली बेसलाइन धरू नका.

दुरुस्ती झाली की नाही हे एका सपाट रेषेवरून ठरवू नका. बफर, १ मायक्रोमोलर, पुन्हा बफर, असं दर १५ मिनिटांनी दोन तास चालवा. प्रत्येक डायच्या रीडिंगमधून त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या बफरची सरासरी वजा करा. या फरकांचा विखुरलेपणा आणि नुसत्या बफरच्या आकड्यांचा विखुरलेपणा वेगवेगळे काढा. बफर स्थिर आणि फरक हलता असेल तर दोष अजून डायमध्ये किंवा पीएचमध्ये आहे. फरक स्थिर आणि बफर हलता असेल तर पार्श्वभूमी अजून मोठी आहे. फिल्टर आणि मास्ककडे परत जा.